दोन रेघा

मंठा
१८ जानेवारी २०२५

दर्शने,

सलाम. पाकीट बघून हसली असशील. आठवीत असताना समोरासमोरच्या घरात राहून आपण एकमेकींना पत्रं टाकायचो, तेव्हा पोस्टमन वैतागायचा. हसून घे. माझा फोन सासरी अतिककडं राह्यलाय. अब्बांच्या बटणाच्या फोनवर बोलायला लागले की अर्धी गल्ली दाराशी येऊन उभी राहती. आन खरं सांगू का, माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते सगळं तोंडीच बोललं गेलं. म्हणून मी आता लिहून विचारून राह्यले. मला उत्तरबी लिहूनच पाहिजे.

सहा तारखेला तू माझा हात धरून उभी होतीस, म्हणून अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं ऐक. दोन दिवस कळा सोसून मी मंठ्याहून जालन्याला जीपमधून आल्ते. रस्ताभर उलट्या, डोळे मिटत होते, जीभ जड झाल्ती. तेवढ्यावरून तुमच्या डॉक्टरांनी अब्बांना विचारलं, "काही नशा-बिशा करती का ही?" मी समोर पडलेली, माझ्याशी एक शब्द न्हाई. मंग बाटलीत लघवी द्या म्हणले, दिली. शुगर बघत असतील असं वाटलं. दुपारी पोरगी झाली. अडीच किलो, रडली बराबर. मला लांबून दाखवली आन नेली.

संध्याकाळी वार्डाबाहेरच्या बाकड्यापाशी सिस्टरनं माझ्या सासूला सांगितलं, "तुमच्या सुनेच्या लघवीत अफू निघाली. दूध पाजू देऊ नका." तिथं चार घरची माणसं बसली होती. मला कधी कळलं माहीत आहे? दुसऱ्या दिवशी, फरशी पुसणाऱ्या मावशीकडून. माझ्या अंगात काय आहे ते मावशीला माझ्याआधी माहीत!

सुट्टी झाली तेव्हा चांदपाशांनी पोरगी उचलली. अतिकचे अब्बा, त्यांच्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात न्हाई, तुला ठाऊक आहे. मला म्हणले, "तू मायके जा. ये जहर का दूध मेरी पोती को नहीं." अतिक, माझा नवरा असून, खाली बघत राह्यला. दर्शने, मी साधी जर्दावाली सुपारी कधी तोंडात धरली न्हाई.

बारा दिवस झाले. छाती दगडासारखी होऊन जाती, रात्रंदिवस ताप येतो. अम्मी दूध पिळून घेती आन मोगऱ्याच्या बुडाशी ओतती, कुणाचा पाय पडू नये म्हणून. पोरीला तिकडं डब्याची पावडर. माझं दूध आटायच्या आत मला माझी पोरगी पाहिजे. दुसरं काही मागत न्हाई.

तू त्या दवाखान्यात आहेस म्हणून मी तिथं आल्ते. आता तूच शोध. कोणती तपासणी केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, मला का विचारलं न्हाई. तो जाड चष्म्याचा देवानंद आहे न तुमच्या लॅबमध्ये, त्यानंच केलं असंल. हात सडो त्याचा. आन जमलं तर स्टेशनाकडं जाऊन पोरीला बघून ये. तिचं नाव काय ठेवलं तेबी मला माहीत न्हाई.

फरहीन


नवीन जालना
२२ जानेवारी

प्रिय फरे,

पत्र तीनदा वाचलं.

बाळाला बघून आले. लोकरीचं टोपडं शिवायचंय, माप घ्यायला आले, असं खोटंच सांगून आत गेले. गोरी आहे, हनुवटी थेट तुझी. बाटलीला तोंड लावते, पण मध्येच सोडून इकडंतिकडं शोधते. सातव्या दिवशी अकीका झाला. नाव आयेशा ठेवलंय. तुला न विचारता ठेवलं, हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

तपासणीचं सांगते. लघवीत बुडवायची एक पट्टी असते. एका कंपनीनं वर्षाअखेरीला त्यांचा एक डबा नमुना म्हणून फुकट दिला होता. ज्या बाईचा संशय येईल तिची करा, असं वरून तोंडी सांगितलेलं. तुझी सही कुठंही घेतलेली नाही. दाखल करताना अब्बांनी ज्या इंग्रजी कागदावर सही केली, त्यात असलं काही नाही, मी बघितलं.

एक विचारू? अम्मींनी तुला शेवटच्या दिवसांत हरीरा करून दिला होता का? त्यात खसखस असते. खसखशीनं अशा पट्टीवर अफू दिसू शकते, हे पुस्तकात दिलेलं आहे. तसं झालं असेल, फरे. तेवढंच झालं असेल. तुझ्या सासरच्यांना हे समजावून सांग.

आणखी एक. आमच्या दवाखान्यात रुग्णांच्या हक्कांचा फलक आहे, पाण्याच्या कूलरच्या मागं लावलाय. मी कूलर सरकवून वाचला. विचारल्याशिवाय तपासणी करता येत नाही. आजाराची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. सुट्टी झाल्यावर कागद मागितले तर बहात्तर तासांत द्यावे लागतात. अब्बांकडून तुझ्या सहीचा अर्ज पाठव. पोच घेतल्याशिवाय त्यांनी हलायचं नाही.

दूध पिळत राहा. थांबवू नकोस. दर तीन तासांनी.

तुझी
प्रियदर्शनी


मंठा
२९ जानेवारी

दर्शने,

आयेशा. चांगलं आहे नाव. मी दुसरं ठरवलं होतं, आता सांगत न्हाई.

तुझं खसखशीचं वाचून मी एवढ्या जोरात ओरडले की अब्बा शिलाई मशीन सोडून आले. हौ, दिला होता की हरीरा! नववा लागल्यापासून रोज वाटीभर, बदाम, खोबरं, खसखस, तूप. अम्मीची अम्मीबी तेच देत होती. मला वाटलं, सुटले. वेडीसारखी अम्मीला वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अम्मी कुणाला न सांगता पहिल्या एसटीनं जालन्याला गेली. खसखशीची बरणी पिशवीत घालून. चांदपाशांच्या बॅटरीच्या दुकानावर चार माणसं बसलेली, त्यांच्यासमोर बरणी ठेवून हात जोडले. म्हणली, "बच्ची बेकसूर है, मैंच खिलाई. सजा मेरे को दो." तुला काय वाटतं, त्यांनी काय केलं असंल? चांदपाशांनी बरणी उघडून पाह्यली आन विचारलं, "ये अफीम केच बोंड का बी है ना?" अम्मी हौ म्हणली. खोटं कशाला बोलंल? मंग ते बसलेल्यांना म्हणले, "देखो, मां खुद बोल रही है. घर का घरच अफीमची निकला."

आता पदरात हे पडलं. आधी मी एकटी होते, आता सगळं घर. अम्मी आल्यापासून चुलीपाशी जात न्हाई. म्हणती माझ्या हाताचं कुणी खाऊ नका. चाळीस बाळंतिणींच्या जचक्या केलेली बाई ती, दर्शने, अख्ख्या मोहल्ल्याची पोरं तिच्या हरीऱ्यावर वाढली. ती भिंतीकडं तोंड करून झोपून राह्यली.

अब्बा अर्ज घेऊन गेल्ते. काउंटरवर सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. अब्बांनी तुझा तो कूलरमागचा फलक दाखवला, तर म्हणले, बाबा, ते भिंतीसाठी आहे. पोच दिली न्हाई.

दूध कमी झालंय. आधी पेला भरायचा, आता बुडाला लागतं तेवढंच. तू लिहितीस दर तीन तासांनी. मी दर दोन तासांनी पिळते. कुणासाठी पिळून राह्यले मी?

तू शब्द फार जपून वापरतीस. "झालं असेल, झालं असेल." तुला नक्की माहीत काय आहे? त्या देवानंदाला गाठ आन विचार त्यानं काय पाह्यलं. मला त्याच्या हातचं लिहून पाहिजे.

फरहीन


नवीन जालना
२ फेब्रुवारी

फरहीन,

देवानंद त्या आठवड्यात सुट्टीवर होता. पट्टी मी लावली. मीच वाचली आणि मीच चुकीची वाचली.

हे पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. आता सगळं लिहिते. तुला नंतर जे म्हणायचं ते म्हण.

मी सहा वर्षं रोज दिवस गेल्याच्या पट्ट्या वाचते. त्यावर दोन रेघा आल्या की 'आहे', एक आली की 'नाही'. हाताला आणि डोळ्याला तेच वळण पडलंय. नशेची पट्टी दिसायला तशीच असते, पण तिचा नियम उलटा आहे. दोन रेघा आल्या की काही नाही, एकच आली की आहे. डब्यात चित्रासकट माहितीचा कागद होता. मी तो उघडला नाही. सहा तारखेला तुझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मी पट्टीचा फोटो ड्यूटीच्या फोनवरून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी फोटो उघडला नाही, शब्द वाचला. पक्की खात्री करायला नमुना मोठ्या लॅबला पाठवायचा असतो, तोही कुणी पाठवला नाही.

हे लिहून मी वर आले आणि तुझा हात धरला. तेव्हा मनात म्हणाले, फरे, हे काय करून बसलीस गं? पट्टीवर शंका आली नाही. तुझ्यावर आली. आपण पहिलीपासून एका बाकावर बसलो, आणि एका कागदाच्या तुकड्यावर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास बसला. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुला विचारलं की नाही, हे मी कुणाला विचारलं नाही. आम्हाला वॉर्डातून बाटली येते, तिच्यावर नंबर असतो. पण तुझ्या बाटलीवरचं नाव मला माहीत होतं.

नऊ तारखेला तिसऱ्या बाईचीही पट्टी दोन रेघांची आली. देवानंद त्याच दिवशी रुजू झाला होता. तो म्हणाला, लागोपाठ तिघी? जालना जिल्ह्यातल्या बाया काय अफूच खातात का? त्यानं डब्यातला कागद काढून माझ्यापुढं धरला. त्या तिसऱ्या बाईचं आम्ही लगेच दुरुस्त केलं. तुला त्याच दिवशी सकाळी सुट्टी झाली होती. मी फाटकापर्यंत पळत गेले होते, तुमची जीप गेली होती. तिथून परत आले आणि गप्प बसले. डबा कपाटात गेला.

म्हणजे खसखशीचं लिहिलं तेव्हा मला खरं माहीत होतं. खसखशीनं तसं होऊ शकतं, हे खोटं नाही. पण तुझ्या पट्टीवर काहीच नव्हतं. मला एक कारण पाहिजे होतं ज्यात माझं नाव नसेल, आणि मी अम्मींची बरणी पुढं केली. त्या बरणी घेऊन निघतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अम्मींच्या हातचं मी लहानपणी किती खाल्लंय, ते तुला माहीत आहे.

काल डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, झालं ते झालं, कागदावर आणू नकोस, दवाखान्याचं नाव जाईल. मी तिथंच बसून लिहिलं. एक प्रत ऑफिसात देऊन पोच घेतली, मला पोच द्यावीच लागली त्यांना. एक प्रत सोबत आहे, सहीसकट. फोटोचा प्रिंटही आहे, त्यावर तारीख आणि वेळ दिसते. माहितीच्या कागदाची झेरॉक्स आहे. चित्र बघितलं तरी कळतं.

माफ कर असं म्हणत नाही. तेवढं तोंड नाही मला.

प्रियदर्शनी


मंठा
५ फेब्रुवारी

प्रियदर्शनी,

कागद मिळाले.

अम्मीला वाचून दाखवले. ती उठून बसली. दोनदा विचारलं, "मेरे हरीरे से नहीं हुआ?" न्हाई म्हणले. मंग रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी रडले न्हाई. तुला शिव्या द्यायला बसले तर पान पुरणार न्हाई. तू तिकडं पोरीच्या टोपड्याचं माप घ्यायला जातीस, तिची हनुवटी माझ्यासारखी आहे म्हणून लिहितीस, आन तुला सगळं माहीत! चोवीस दिवस, बाई. मी एकेक पेला मोजलाय.

आता ऐक. माझी बदनामी चार माणसांत, तोंडी झाली. तुझा कबुलीजबाब माझ्या उशाखाली ठेवून काय करू? चाळीस दिवस पुरे झाल्याशिवाय मला उंबरा ओलांडू देणार न्हाईत, आन तवर माझ्या छातीत काही राहणार न्हाई. तू जा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर चांदपाशांच्या दुकानावर माणसं बसतात. जिथं अम्मीनं बरणी ठेवली तिथं उभी राह्य आन जे मला लिहिलंस ते मोठ्यानं वाच. रेघा दाखव. घाबरलीस तर घाबर, पण वाच.

पुढचं पुढं बघू.

फरहीन


नवीन जालना
८ फेब्रुवारी

फरहीन,

काल गेले होते. देवानंद सोबत येतो म्हणाला, मी एकटीच गेले.

सहा माणसं होती. त्यातले दोघं त्या दिवशी दवाखान्यात बाकड्यावर बसलेले, त्यांनी मला ओळखलं. मी वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी अगदी हळू वाचल्या. चांदपाशा बॅटरीत पाणी भरत होते, हातातलं काम सोडलं नाही. मला वाटलं ऐकत नाहीत. पूर्ण झाल्यावर म्हणाले, "फिर से पढ़. जोर से."

दुसऱ्यांदा वाचलं. मग फोटो आणि चित्राचा कागद त्यांनी शेजारी शेजारी धरला. मला विचारलं, "गलती नौ तारीख को मालूम हुई, तो आज तक क्यूँ चुप थी?" मी म्हणाले, नोकरीची भीती वाटली. ते म्हणाले, "और वो बच्ची की माँ? उसको डर नहीं लगा होगा?" मग त्या माणसांकडं न बघता म्हणाले, "मैं भी तो नहीं पूछा उसको. एक बार नहीं पूछा." अतिकला हाक मारून म्हणाले, गाडी काढ.

पुढचं तुला माझ्याआधी कळलं असेल. दवाखान्यानं मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. ते बरोबरच आहे, त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस.

प्रियदर्शनी


मंठा
१३ फेब्रुवारी

दर्शने,

पोरगी माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं येऊन राह्यलंय.

शुक्रवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी आले. चांदपाशा आत आलेच न्हाईत, दारात उभे राह्यले. अम्मीला म्हणले, "समधन, माफ करो." अम्मीनं पाणी दिलं. तेवढंच. अतिक माझ्यासमोर बसला होता, मी त्याच्याशी बोलले न्हाई. अजूनबी बोलत न्हाई. त्यानं एकदा मला विचारलं असतं, तर मी त्याला सांगितलं असतं. त्याला थोडे दिवस खाली बघू दे.

तुला वाटत असंल पोरगी आली आन लागली प्यायला. कुठली! तोंड फिरवायची, किंचाळायची. तिला बाटलीची सवय, आन माझ्यात दोन थेंब. अम्मी उठली, पदर खोचला. कापसाचा बोळा वाटीतल्या दुधात बुडवून माझ्या छातीवर वरून थेंब थेंब सोडायची, म्हणजे पोरगी चोखत राह्यची. तिनं चोखलं की येतं, म्हणली. पाच दिवस, पाच रात्री. काल डाव्या बाजूनं आलं. पोरीच्या घशात गटकन आवाज झाला, दोघींनी ऐकला. उजवीकडं अजून न्हाई. अम्मीनं आज चूल पेटवली, खसखस भाजायला घेतली. घरभर वास सुटलाय.

अम्मीनं तुला माफ केलं. दर्शनीला बोलाव म्हणती. मी अजून न्हाई केलं. कधी करीन माहीत न्हाई. उगंच गोड लिहिणार न्हाई मी.

पण तुझं पत्र परत वाचताना एका जागी अडकले. नऊ तारखेला तिसऱ्या बाईची पट्टी, असं तू लिहिलंस. तिचं लगेच दुरुस्त केलं. दुसरी मी. मंग पहिली कोण? तिच्यासाठी कुणी पत्र लिहिलं का? तिला कुणी सांगितलं का?

फरहीन


घनसावंगी
१६ फेब्रुवारी

फरे,

पहिली कांताबाई. चार जानेवारी. ऊसतोडीच्या टोळीतली, तिसरं बाळंतपण. तुझं पत्र येईपर्यंत तिची आठवण मी मुद्दाम टाळत होते. नाव लक्षात होतं, टोळी घनसावंगीकडं उतरलीय एवढं माहीत होतं. सकाळपासून तीन ठिकाणच्या पालांवर विचारत फिरले आणि दुपारी सापडली. एसटीची वाट बघत इथंच स्टँडवर लिहितेय.

तिच्याकडून बाळ कुणी नेलं नव्हतं. घरचे तिला काही बोलले नाहीत, कारण तिनं घरी सांगितलंच नाही. सिस्टरनं तिला एकटीला गाठून म्हटलं होतं, तुझ्या दुधात विष आहे, पाजू नको. ती का म्हणून विचारायला गेली नाही. डॉक्टरांचं म्हणणं आहे म्हटल्यावर तिनं पाजलं नाही. पहिल्या दिवसापासून नाही. छातीला फडकं घट्ट बांधून ती उसाच्या मोळ्या उचलत होती. बाळ शेजारी पालात, पाणी घातलेल्या बकरीच्या दुधावर. हाडं दिसतात त्याची, फरे. बाळाचं वजन करायला उद्या सकाळी इथल्या सरकारी दवाखान्यात दोघांना घेऊन जाणार आहे, तिचा नवरा हो म्हणालाय.

मी सगळं सांगितलं. पट्टी, रेघा, माझी चूक. कागद वाचून दाखवला. ती चिडली नाही, रडली नाही. कोयता बाजूला ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि मला विचारलं, "मंग आता पाजू का, बाई?"

त्रेचाळीस दिवस झालेत. दूध परत येईल का, मला माहीत नाही. तुझी अम्मी काय करते ते नीट लिहून पाठव, बोळा कसा धरायचा, किती वेळ, सगळं. नाहीतर अम्मींनाच विचार, त्या येतील का.

दर्शनी